सप्तापुरातील एक बंद गाळा

दिवेलागणीच्या वेळी ज्या घरात दिवा लागत नाही, त्या घरासमोरून जाताना आपल्याकडची जुनी माणसे क्षणभर थबकत असत. घर कोणाचे, ते का बंद आहे, धनी परगावी गेला की दोन भावांचा वाद चालला आहे, या चौकशा मागाहून; आधी त्या अंधाराचाच त्यांस संकोच वाटे. देवळाच्या बाबतीत तर हा संकोच अधिकच. पुजारी आजारी पडला, नैवेद्यास उशीर झाला, तर गावकरी समजून घेतात. पण गाभाऱ्यात सांजवात लागली नाही असे कळले की चार माणसे आपण होऊन तेलाची कुपी घेऊन निघतात. वास्तूला माणसाची ऊब लागते, अशी आपली एक जुनी समजूत आहे. शास्त्राधार विचारू लागल्यास आम्हांस तो सांगता येणार नाही. परंतु वर्षभर कुलूप असलेले घर आणि रोज झाडले जाणारे घर यांतील भिंतींचा फरक ज्याने पाहिला आहे, त्यास आधाराची जरुरी वाटू नये.

हीच समजूत आपण सार्वजनिक मालकीच्या जागेस का लावीत नाही, हा प्रश्न काही काळापासून आम्हांस सतावीत आहे. आणि त्याचे निमित्त सप्तापूर हे आहे.

धारवाडचा हा भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्याचे वर्णन नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी चार शब्द. १९१७ साली सुरू झालेले कर्नाटक कॉलेज येथून जवळ. १९४९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाचा परिसरही फार दूर नाही. ‘सप्तापूर बावी’ म्हटले की कोणताही रिक्षावाला पुढचे न विचारता निघतो. एके काळी मोठ्या झाडांच्या सावलीत बसलेली ही शांत वस्ती आज विद्यार्थ्यांची पेठ झाली आहे. उत्तर कर्नाटकाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले-मुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येथे येतात. शिकवण्यांचे वर्ग, एका खोलीत चौघे अशी बिऱ्हाडे, जोंधळ्याच्या भाकरीच्या खानावळी, झेरॉक्सची दुकाने, आणि महिन्याचे पैसे भरून बसावयाच्या अभ्यासिका, असा या पेठेचा सारा संसार. श्रावणात धारवाडची ती बारीक, न थांबणारी झड लागली म्हणजे ही मुले दुकानांच्या पुढल्या पत्र्यांखाली पुस्तके पोटाशी धरून उभी राहतात. त्यांच्या मागे मात्र एखादी कोरडी, रिकामी, सर्वांच्या मालकीची खोली लोखंडी दार ओढून बंद असते.

अशाच एका बंद गाळ्यावरून आमचा रोजचा फिरावयाचा रस्ता जातो. त्याचा नेमका पत्ता आम्ही देत नाही, कारण हा लेख कोणावरील फिर्याद नव्हे. असे गाळे आपल्या प्रत्येक शहरात आहेत आणि वाचकांच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या गावचा एखादा येत असेलच. ओळीतले बाकीचे गाळे चालतात. हा एक चालत नाही. दारावर शिकवण्यांच्या जाहिराती एकावर एक चिकटून त्यांचा पुठ्ठा झाला आहे. कुलूप गंजले आहे. पायरीवर एक फुलवाली संध्याकाळी मोगऱ्याची टोपली घेऊन बसते. त्या जागेचा आज जो काही उपयोग आहे तो एवढाच, आणि तोही जागेच्या बाहेर.

सार्वजनिक गाळा रिकामा का राहतो, याची कारणे शोधू लागले तर दुष्टपणा फारसा कोठे सापडत नाही. गाळा लिलावानेच द्यावयाचा असा दंडक असतो आणि तो योग्यच आहे, कारण नाहीतर मर्जीतल्या माणसांची चैन होईल. लिलावास किमान बोली ठरवावी लागते. ती बाजाराच्या वर गेली की छोटा व्यापारी पुढे येत नाही. त्यास एकरकमी अनामत झेपत नाही. मोठ्या व्यापाऱ्यास एवढ्याशा जागेचे अगत्य नसते. कधी एखादा हौशी बोली चढवतो आणि चार महिन्यांत पाय काढतो. कधी दोघे बोलीदार न्यायालयात जातात आणि निकाल लागेपर्यंत जागेस मोहोर बसते. किमान बोली उतरवावी तर हिशेबतपासनीस विचारणार, की सार्वजनिक मालमत्ता कमी दराने का दिली? कागद हाताळणारा कारकून असो वा अधिकारी, त्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक निर्णय कोणता, तर काहीच न करणे. बुडालेल्या भाड्याचा जाब विचारला जातो. बंद दारामागे बुडालेल्या दिवसांचा जाब विचारण्याची पद्धत अजून कोणी काढलेली नाही.

आमच्या मंडळातील तिघे-चौघे एकदा एका सार्वजनिक कचेरीत या संबंधात सहज विचारणा करावयास गेलो होतो. अर्ज नव्हता, केवळ विचारणा. लिलाव होऊन भाडेकरू मिळेपर्यंत अशी एखादी जागा दोन-तीन महिने वाचनालयास, मुलांच्या चित्रांस, एखाद्या बैठकीस देता येईल काय, एवढेच आमचे म्हणणे. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चहा मागविला, आमचे ऐकून घेतले, आणि मग कन्नडमध्ये जे म्हणाले त्याचा आशय असा : “रायरे, तुमचे म्हणणे मला पटते. पण आज तुम्ही तेथे पुस्तके ठेवाल, उद्या भिंतीवर देवाची तसबीर लावाल, परवा तिच्यापुढे समई येईल, आणि वर्षाने त्या तसबिरीची मूर्ती होईल. मग ती हलवावयास मी येऊ काय? मला नोकरी करावयाची आहे.”

आम्ही परत आलो. वाटेत कोणी फारसे बोलले नाही. आमच्यापैकी एकास ते बोलणे लागले. देवाचे नाव काढून आपला अपमान केला असे त्याचे मत पडले. आम्हांस तसे वाटले नाही. त्या गृहस्थांनी आपल्या समाजाविषयी एक खरी गोष्ट सांगितली होती. रस्त्याच्या कडेस, झाडाच्या बुंध्याशी, पुलाच्या कठड्यावर देवस्थाने कशी उभी राहतात हे आपण जाणतो. ही गोष्ट इतकी वाढली की २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयास सार्वजनिक जागेवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ उभे राहू देऊ नये, असा आदेश द्यावा लागला. देवाच्या नावाने जागा घ्यावयाची आणि देवाच्याच नावाने ती सोडावयाची नाही, या रीतीने देवाची प्रतिष्ठा वाढत नाही. शिवाय तिचा एक परिणाम असा होतो की देवळाशी संबंध असलेल्या माणसांस पुढे कोणी विश्वासाने किल्ली देत नाही. आपणांस किल्ली का मिळत नाही, याचे निम्मे उत्तर आम्हांस त्या चहाच्या पेल्यापाशी मिळाले.

आणि नवल याचे वाटते, की तात्पुरत्या जागेचे शास्त्र आपल्याइतके कोणास अवगत असावयाचे? आपला अर्धा धर्म तात्पुरत्या जागांवर चालतो. चतुर्थीस आपण मातीची मूर्ती आणतो, तिची प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस घरातील उत्तम जागा तिला देतो, आणि ठरलेल्या दिवशी डोळे ओले करून पाण्यात सोडतो. मूर्ती फार सुरेख आहे म्हणून आणखी महिनाभर राहू द्यावी, असे कोणी म्हणत नाही. चातुर्मासास बसलेले स्वामीही भाद्रपदाच्या पौर्णिमेस सीमोल्लंघन करून निघतात. हरिनामाचा सप्ताह सात दिवसांचा. आठव्या दिवशी काला होतो, मंडप सुटतो, मैदान झाडून ज्याचे त्यास परत जाते. गोव्यात वास्को येथे दामोदराचा सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगाच्या दिवसांत सुरू झाला, असे मानतात. चोवीस तास अखंड भजन चालते, निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांचे पार वाजतगाजत येतात, रस्त्यांवर मोठी फेरी भरते. आणि नारळाचे समुद्रात विसर्जन होऊन सांगता होते. शहराचा रस्ता शहरास परत मिळतो, आणि म्हणूनच पुढल्या वर्षी शहर तो रस्ता पुन्हा देते. आवाहन आणि विसर्जन हे दोन्ही विधी जेथे सारख्याच मनोभावाने होतात, तेथे दिलेल्या जागेविषयी धाक बाळगण्याचे कारण उरत नाही. गाळ्याच्या बाबतीत आपण आवाहनास उत्सुक असतो आणि विसर्जनाचा मंत्र मात्र विसरतो.

कोणी म्हणेल की धारवाडात रंगमंदिरे आहेत, सभागृहे आहेत, देवळांस जोडून कार्यालये आहेत. मग एका खबदाडासारख्या गाळ्याचे एवढे काय? या आक्षेपास या प्रांताच्या संगीताच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. गंगूबाई हनगल यांचा जन्म १९१३ साली धारवाडात झाला. लहानपणी रस्त्याने जाताना कोठे ग्रामोफोन वाजू लागला की त्या थांबून ऐकत, ही त्यांनी स्वतः सांगितलेली आठवण सर्वश्रुत आहे. १९२२ साली रोण येथे जन्मलेले भीमसेन जोशी यांची गोष्टही तशीच. रोण तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी त्यांच्या कानी पडली ती एका दुकानातील तबकडीवरून, आणि अकराव्या वर्षी त्यांनी गुरूच्या शोधार्थ घर सोडले. दुकानदाराचा हेतू तबकड्या खपविण्याचा असेल. परंतु त्या दुकानाच्या फळीने जे कार्य केले ते किती तरी सभागृहांस साधलेले नाही.

सभागृहात जाण्यासाठी आधी जावयाचे ठरवावे लागते. तिकीट, निमंत्रण, बरे कपडे, ओळखीचे कोणीतरी, अशा अनेक अदृश्य पायऱ्या तेथे असतात. देवळाच्या उंबरठ्याविषयी तर आपण बोललेलेच बरे. तो किती जणांस किती काळ उंच होता हे आपल्यास ठाऊक आहे. दुकानास उंबरठा नसतो. त्याचे तोंड रस्त्याकडे उघडे असते, आणि ज्यास काहीच ठरवावयाचे नाही अशा माणसाच्याही कानावर, डोळ्यांवर त्यातले काही पडते. ज्या मुलाने उभ्या जन्मात तंबोरा जवळून पाहिला नाही, तो भाजी आणावयास निघालेला असताना तंबोऱ्यासमोर येऊन उभा राहावा, हे गाळ्यातच घडू शकते.

तशात धारवाडास लहान खोल्यांचे वावडे कधीच नव्हते. द. रा. बेंद्रे यांचे ‘गेळेयर गुंपु’ हे मित्रमंडळ १९२० नंतरच्या दशकात येथे जमू लागले, त्याच्यापाशी वास्तू अशी काही नव्हती. माणसे जमत तीच वास्तू. १९३३ साली जी. बी. जोशी यांनी मनोहर ग्रंथमाला काढली. सुभाष रस्त्यावरील तिची माळ्यावरची खोली कन्नड साहित्यात नुसत्या ‘अट्ट’ या नावाने ओळखली जाते. अट्ट म्हणजे माळा. त्या माळ्यावर बेंद्रे बसले, गिरीश कार्नाडांची नाटके तेथून छापून बाहेर पडली, आणि कन्नड वाङ्मयाच्या दोन-तीन पिढ्यांचे वाद तेथे चहाबरोबर निकालात निघाले. चौरस फुटांच्या हिशेबाने पाहिले तर त्या खोलीचे भाडे ते काय असणार!

मुंबईकडे पाहावे तर तेथेही हेच. भुलाभाई देसाई यांच्या नावाने वॉर्डन रोडवर जी संस्था होती, तिच्या खोल्यांत १९५० नंतरच्या काळात हुसेन, गायतोंडे यांसारखे चित्रकार चित्रे काढीत, अल्काझी नाटके बसवीत, रविशंकर संगीत शिकवीत. ती वास्तू आज उरलेली नाही. परंतु तेथे जे घडले ते भारतीय कलेच्या इतिहासातून कोणास पाडता येत नाही. १९७४ साली अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके सुरू केली. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. रंगमंच म्हणावा असाही तेथे नव्हता, तरी मराठी रंगभूमीच्या एका सबंध पर्वास लोक आजही ‘छबिलदास’ म्हणतात. पुढे ती जागा सुटली तेव्हा ‘आविष्कार’ने माहीमच्या महापालिकेच्या शाळेत बस्तान मांडले. महापालिकेच्या मोकळ्या खोल्यांत नाटक वाढू शकते, याचा दाखला म्हणून हे एकच उदाहरण पुरे आहे.

गोव्याच्या वाचकांस तर त्यांच्या राजधानीतीलच उदाहरण सांगावे लागेल. मांडवीकाठचा आदिलशाही वाडा. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय तेथे राहावयास आला, मुक्तीनंतर तेथे सचिवालय आणि विधानसभा होती, आणि २००० साली विधानसभा पर्वरीस गेली. जुने वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीस गेले तशी त्याची पणजीतील इमारतही मोकळी झाली. २०१६ साली सुरू झालेल्या, डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने या दोन्ही इमारतींत चित्रे, शिल्पे, वस्त्रे मांडली. उत्सव काही दिवसांचा. तो संपला की चित्रे उतरतात. पण ज्या दालनात एके काळी अर्ज घेऊन ताटकळत उभे राहावे लागे, त्या दालनात नातवाचा हात धरून मोकळेपणाने फिरता येते हा अनुभव उतरत नाही.

याहून आमच्या गाळ्यास जवळचे उदाहरण मात्र दूर देशी आहे. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल हे पोलादाचे शहर. १९८९ साली तेथे भूकंप झाला, १९९९ साली पोलादाचा कारखाना बंद पडला, आणि मुख्य रस्त्यावर बंद दुकानांची रांग लागली. २००८ साली मार्कस वेस्टबरी नावाच्या गृहस्थाने एक साधी युक्ती काढली. मालकांस तो म्हणाला, जागा विकू नका, भाड्याने देऊ नका. तीस दिवसांच्या परवान्यावर वापरावयास द्या. खरा भाडेकरू आला की तीस दिवसांत जागा मोकळी करून देऊ. कुंभारकाम करणारे, छायाचित्रे काढणारे, दागिने घडविणारे, असे हौशी आणि होतकरू लोक त्या दुकानांत आले. रस्त्यावर वर्दळ आली, आणि वर्दळीपाठोपाठ व्यापारीही. ती संस्था २०१९ साली आपले काम थांबवून मोकळी झाली. यातील कळीचा शब्द ‘परवाना’ हा आहे, आणि तो आपल्या कायद्यासही अपरिचित नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात परवान्याची व्याख्या आहे : दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची मुभा, जागेत हितसंबंध मात्र नाही. भाडेपट्टा निराळा, त्याने जागेत हक्क निर्माण होतो. त्याच कायद्याचे ६० वे कलम असेही सांगते की परवानाधारकाने परवान्याच्या भरवशावर खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले असेल तर तो परवाना मालकास मागे घेता येत नाही. कचेरीतील त्या गृहस्थांच्या भीतीचे मूळ येथे आहे, आणि तिच्यावरील उपायही येथेच आहे. परवाना घेणाऱ्याने त्या जागेत कायम स्वरूपाचे काहीच करावयाचे नाही. फरशी नाही, भिंत नाही, गिलावा नाही, आणि देव्हारा तर नाहीच. जे आणावयाचे ते दोन माणसांस उचलून नेता येईल असे असावे : सतरंज्या, घडीची मेजे, दोरीवर टांगावयाची चित्रे, पुस्तकांच्या पेट्या. मंडपाचे सामान ज्यांनी उभे जन्म बांधले आणि सोडले, त्यांस हे शिकविण्याची जरुरी नाही.

अशा गाळ्यात करावे काय? आमच्या मते फार करू नये. सकाळी दहापर्यंत वर्तमानपत्रे आणि बसावयास स्वच्छ जागा, म्हणजे महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसणे ज्यांस परवडत नाही त्या मुलांची सोय होईल. दुपारी कशिदा. धारवाडची कसूती सर्व देशात नावाजलेली आहे. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी तिची टाक्यांची गुंफण ज्यांस येते अशा आजीबाई आजही घरोघर आहेत, आणि ती शिकावी असे वाटणाऱ्या मुली त्याच गल्लीत चार खोल्या पलीकडे राहतात. दोघींची गाठ पडावयास जागा नाही, एवढीच अडचण. संध्याकाळी तास-दीड तास बैठक, ध्वनिक्षेपकावाचून. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास कायद्यानेच बंदी आहे; पण एवढ्या खोलीत तो दिवसाही कशास हवा? महिन्यातून एक आठवडा भिंतीवर काही मांडावे : शाळेतील मुलांची चित्रे, जुन्या धारवाडची छायाचित्रे, किंवा कोकणातील देवळांच्या भिंतींवरील लाल-पांढऱ्या कावी चित्रांच्या प्रतिकृती. पेढ्याच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्या पाहुण्यास धारवाडात खाण्यावाचून पाहावयासारखेही काही आहे हे त्या निमित्ताने कळेल.

खरा कठीण प्रश्न किल्लीचा आहे. देवस्थानांच्या कारभारात ज्यांनी आयुष्य घालविले त्यांस सांगावयास नको, की निम्मी भांडणे पैशावरून होत नाहीत, किल्लीवरून होतात. म्हणून किल्ली एका संस्थेकडे असू नये. निदान आपल्या संस्थेकडे तर मुळीच नको. शेजारच्या दुकानदारांपैकी एक, विद्यार्थ्यांपैकी एक, एखादी शिक्षिका, आणि मालक असलेल्या नगरसंस्थेचा एक माणूस, असे चौघे मिळून असावे. दारावर कोणत्या दिवशी काय आहे याची यादी लावावी, आणि त्या यादीच्या शेवटी परवाना संपण्याची तारीख सर्वांत मोठ्या अक्षरांत असावी.

येथे आम्हांस आपल्या मंडळींशी काहीसे अप्रिय बोलणे भाग आहे. हा विचार आम्ही जेव्हा जेव्हा मांडला, तेव्हा पहिली सूचना हीच आली, की असा गाळा मिळाला तर आपली मराठी आणि कोंकणी यांस एक स्थान होईल. मुले इंग्रजीत बोलू लागली आहेत, नाट्यगीते कोणास येत नाहीत, कोंकणी घरात उरली ती फक्त आजीपाशी. ही कळकळ आमचीही आहे. नसती तर या मासिकात आम्ही लिहिले नसते. परंतु सार्वजनिक गाळा हे त्या कळकळीचे पहिले ठिकाण नव्हे. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापिला तो कशासाठी, हे आपण विसरता कामा नये. मुंबई इलाख्यातील या जिल्ह्यांत शाळांपासून कचेरीपर्यंत मराठीचा इतका वरचष्मा होता, की कन्नड माणसास आपल्याच गावात आपली भाषा मागून घ्यावी लागली. ज्या भाषेने कधी काळी दुसरीस ओसरीवर बसविले, तिने आज सर्वांच्या खोलीत शिरताना मागे राहून शिरावे. फलकावर कन्नड मोठे असावे. कायदा तसे सांगतो म्हणूनच केवळ नव्हे, तर पाहुणचाराची ती रीत आहे म्हणून. त्या फलकाखाली आठवड्यातून एक संध्याकाळ मराठी पदांची, एक संध्याकाळ कोंकणी गोष्टींची झाली, आणि ऐकावयास रायचूरचा मुलगा येऊन बसला, तर आपल्या भाषांची सेवा आपल्या कार्यालयातील शंभर खुर्च्यांच्या संमेलनाहून अधिक होईल. कार्यालयात आपण आपणांसच ऐकवितो.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत; ऐकणाऱ्यास बाहेर ठेवणारा एक, आत घेणारा दुसरा. कन्नडातील ‘नम्म’ हा शब्द असा भेद करीत नाही. ‘नम्म धारवाड’ म्हणताना बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्यात येतात. कोंकणीतील ‘आमगेलें’ हा शब्दही मोठा लाघवी आहे; परंतु त्याच्या गोडव्यात कधी कधी दाराची कडी वाजल्याचा भास होतो. या लेखात आम्ही आरंभापासून ‘आम्ही’ म्हणत आलो, कारण चार मित्रांचा हा विचार आहे. गाळ्याच्या दारावर मात्र तो शब्द चालणार नाही.

शेवटी एक गोष्ट आताच मनाशी पक्की केलेली बरी. असा गाळा कधी काळी उघडला, रोज झाडला जाऊ लागला, संध्याकाळी त्यात दिवा दिसू लागला, तर फार दिवस तो आपल्याकडे राहणार नाही. जागा नजरेत भरेल, कोणी व्यापारी बोली लावील, नगरसंस्थेस भाडे सुरू होईल. त्या दिवशी ‘आमचे वाचनालय मोडले’ म्हणून निषेधाची सभा भरवू नये. सतरंज्या गुंडाळाव्या, भिंतीवरचे खिळे काढावे, फरशी पुसून घ्यावी, आणि नव्या दुकानदाराच्या हाती नारळासह किल्ली द्यावी. त्यातले आपण काय मिळविले असे कोणी विचारील, तर एवढेच सांगता येईल, की या माणसांस किल्ली दिली होती आणि त्यांनी ती तारखेस परत केली, अशी एक नोंद एका कचेरीच्या दप्तरी झाली. दुसऱ्या पेठेतील दुसरा गाळा त्या नोंदीवर उघडेल.